सांगलीहून दर्याला : मे महिन्यात होडी ठरवून गळाची मासेमारी, कुणी गेलंय का?

वांबवाला (सांगली)

राम राम मंडळी.

मी हरिपूर रस्त्याचा. बालपण कृष्णा-वारणेच्या संगमावर गळ टाकण्यात गेलं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, आता ६८ चे. मरळ, वांब, शिंगाळा, चिलापी, जे लागेल ते आयुष्यभर नदीतून काढलेला माणूस. २०१९ च्या पुरात गळ-रिळांची पेटीच वाहून गेली, तरी पुढच्या उन्हाळ्यात कळकाची काठी तासून पुन्हा संगमावर जाऊन बसले. पण मार्च २०२३ मध्ये नदीत मेलेल्या माशांचा खच त्यांनी बघितला आणि तेव्हापासून गळाला हात लावला नाही. "जो मासा खायची भीती वाटती तो धरायचा कशाला?" एवढंच म्हणाले. आता दिवसभर टीव्ही आणि आमच्यावर चिडचिड.

डोक्यात आलंय की मे महिन्यात त्यांना समुद्रावर न्यावं. अर्ध्या दिवसासाठी होडी ठरवायची आणि किनारा दिसत राहील इतक्याच अंतरात गळ टाकायचा. रत्नागिरी आम्हाला आंबा घाटातून चार-साडेचार तासांवर. अण्णांना पोहता येतं पण गुडघे गेलेत. मला आंबा घाटातच मळमळतं, तेव्हा होडीत काय होईल ते विचारू नका. नदीची काठी-रीळ चालेल का? भाडं कसं ठरतं? पौर्णिमेला रविवार आलाय, त्या दिवशी जावं म्हणतो.

कोरडवाहू (जत)

आमच्याकडं टँकर आला की त्यात गळ टाकतो. वाचतोय.

माहुलीकर (सातारा)

वांबवाले, चांगला विचार आहे. मी गेली सहा-सात वर्षं कुंभार्ली घाटातून चिपळूण-गुहागर करतोय. तुमच्यासारखाच नदीवाला, संगम माहुलीचा. सुरुवातीला केलेला गाढवपणा आधी सांगतो. वेण्णेत वापरायचं रीळ समुद्रावर नेलं, घरी आल्यावर फडक्यानं पुसलं आणि कपाटात ठेवलं. पंधरा दिवसांनी हँडल फिरेना. आत मिठानं सगळं धरलं होतं. खाऱ्या पाण्यासाठीचं रीळ वेगळं मिळतं. ते नसेल तर तुमचंच न्या, पण परत आल्याबरोबर गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, सावलीत वाळवा, मग तेलाचा थेंब. गऱ्यांचंही (गळाच्या आकड्यांचंही) तेच. वापरलेली गरी डबीत परत टाकली की सगळ्या डबीला गंज लावते.

आणि खरं सांगू? अण्णांसाठी काठी नकोच. होडीवर हातडोरीच बरी. लाकडाला किंवा प्लॅस्टिकच्या चकतीला गुंडाळलेली तंगूस (नायलॉनची बारीक दोरी), खाली शिसं, त्याच्या वर दोन गऱ्या. तर्जनीवर दोरी धरून बसायचं. वांब टोचते तशी इथं प्रत्येक माशाची टोच वेगळी कळते. तुमच्या अण्णांना अर्ध्या तासात उमगेल.

आता "किनाऱ्याजवळ" म्हणजे किती ते. आम्ही आठ ते बारा वाव पाण्यात असतो. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होईल तेवढं, साधारण सहा फूट. किनाऱ्यावरची माडं मोजता येतात. त्याच्यापुढं जायचा हट्ट करू नका. राणी मासे, ढोमे, शेंगट, खडपाजवळ (पाण्यातल्या खडकाजवळ) तांबोशी आणि लहान गोब्रे, थवा लागला तर बांगडे, हे सगळं तिथंच मिळतं.

होडीवाल्याला दोन गोष्टी तोंडावर विचारा. जॅकेट आहेत का आणि माणसं न्यायची परवानगी आहे का. मासेमारीचा परवाना वेगळा आणि प्रवासी न्यायची मेरीटाइम बोर्डाची परवानगी वेगळी. बऱ्याच जणांकडं पहिलाच असतो.

विट्याचा_पिंट्या

मोबाईलवर बघितलं, एकानं माणसाएवढी सुरमई ओढली. तशी मिळेल का मे मध्ये? मी पण येतो, गाडी माझी.

माहुलीकर (सातारा)

पिंट्याशेठ, ती खोल पाण्यातली, पळत्या होडीमागं चमकतं आमिष ओढत नेऊन धरलेली. तेल, वेळ आणि नशीब तिन्ही लागतं. किनाऱ्याजवळ लागली तर पोरगीच लागेल, आणि पोर सोडून द्यायची. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ५४ प्रकारच्या माशांची किमान लांबी ठरवून दिलीय. सुरमई ३७० मिलिमीटरच्या आत धरायची नाही, पापलेट १३५ च्या आत नाही. शाळेतली फूटपट्टी बरोबर ठेवा, वाद होत नाहीत.

भूगोलवाले_सर (कराड)

धागाकर्त्याने पौर्णिमेचा रविवार म्हटले आहे, तिथे थोडा थांबा म्हणतो. सुट्टी बघून समुद्रावर जायचे नसते. तिथी बघून जायचे असते.

कोकणात जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहाटे तीनच्या आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. कारण असे की चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक बघावेच. पण घरबसल्या दिवस ठरवायला कालनिर्णय पुरे.

पौर्णिमेला उधाण. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत, पाणी सगळ्यात जास्त चढते आणि सगळ्यात जास्त उतरते. मधल्या सहा तासांत एवढे पाणी ये-जा करते की ओढ प्रचंड. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा पाण्याची हालचाल कमी. ६८ वर्षांच्या नवख्या माणसाला पहिल्यांदा न्यायचे तर उधाण कशाला?

दुसरे म्हणजे वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकवले होते, आठवतात का? रात्रभर जमीन निवते, पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे. तेव्हा किनाऱ्यालगत पाणी तेलासारखे. दहा-अकरानंतर जमीन तापली की वारा उलटतो आणि मे महिन्यात दुपारी चांगलाच जोर धरतो. म्हणून उजाडताना निघून जेवायच्या आत परत.

तिसरे : मेच्या शेवटी वारा नसतानाही लाटा येतात. दूर दक्षिणेच्या महासागरात वादळ होते, त्याची उसळी इथवर पोचते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचा इशारा देते, तो आदल्या रात्री बघावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदच असते. प्रवासी होड्याही मे संपता संपता थांबतात, त्या ऑगस्टअखेरीपर्यंत. तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांतच उरका.

कोरडवाहू (जत)

सर, भूगोलात मला ३५ पडले होते. तुम्ही शिकवलं असतं तर ३६ पडले असते.

मालवणची_मिरजेत

माहेर मालवण, सासर मिरज. चौदा वर्षं झाली, अजून इथल्या बाजारातल्या बांगड्याकडे बघवत नाही.

सरांचा हिशेब बरोबर, फक्त आमच्या बाजूला भरती मुंबईपेक्षा आधी होते, तेवढं धरा. पण भांगालाच जा हे मला पटलं नाही. माझे बाबा म्हणायचे, पाणी हललं नाय तर मासो हलणा नाय. अगदी अष्टमीला गरवायला गेलात तर नुसते बसून याल. (गरवणे म्हणजे गरीने मासे धरणे. तुमच्याकडे यासाठी एक शब्दसुद्धा नाही, "गळ टाकून बसणे" म्हणता. बसणेच जास्त!)

आणि कुणी मालवणला जाणार असेल तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला गरी टाकू नका. १९८७ पासून ते सागरी अभयारण्य आहे. होडीवाला "चलता है" म्हणाला तर होडी बदला.

माहुलीकर (सातारा)

ताई, मला उलट अनुभव आहे. उधाणाला शिसं तळाला टिकतच नाही. शंभर ग्रॅम लावलं तरी तंगूस तिरकी पळते, तळ कळत नाही, खडपात गरी अडकून तुटते. एका सकाळी मी अकरा गऱ्या घालवल्यात. पाणीही गढूळ.

मालवणची_मिरजेत

ते तुमचं गुहागर. तिकडे पाणी चढतं-उतरतं जास्त. दक्षिणेला उधाण एवढं अंगावर येत नाही. बरं, तोड सांगते : अष्टमीनंतर दोन-तीन दिवस. दशमी-एकादशी. पाण्याला ओढ येऊ लागते पण वेडं होत नाही.

भूगोलवाले_सर (कराड)

दशमी म्हणजे साडेसात. सहाला निघालात तर दीड तास चढते पाणी आणि नंतर उतरते. ताईंचे गणित माझ्यापेक्षा चांगले आहे.

औषधवाला (तासगाव)

दोन-तीन गोष्टी, माझ्या धंद्यातल्या.

उलटीची गोळी होडीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. निघायच्या आधी तासभर तरी पोटात जायला हवी. अण्णांना बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. या गोळ्यांनी झोप येते, म्हणजे त्या सकाळी गाडी तुम्ही चालवायची नाही. उपाशीपोटी जाऊ नका, तेलकट खाऊन तर नकोच. कोरडी भाकरी बरी. होडीत खाली मोबाईलकडे बघू नका, लांब क्षितिजाकडे बघा.

शेंगट म्हणजे आपल्या शिंगाळ्याचा खाऱ्या पाण्यातला भाऊ. पाठीवर एक आणि बाजूंना दोन काटे, आणि ते विषारी. लागला तर चोखणं, तंबाखू लावणं असले प्रकार नकोत. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. त्या विषाला उष्णता सोसत नाही, ठणका उतरतो. म्हणून थर्मासमध्ये चहाऐवजी गरम पाणी न्या. काटा आत मोडला तर दवाखाना.

आणि केंड. फुग्यासारखा फुगतो, पोरं हसतात. तो खायचा नाही, शिजवला तरी विष जात नाही. मांजरालासुद्धा घालू नका.

विट्याचा_पिंट्या

म्हणजे चहा पण नाही आणि सुरमई पण नाही. मी कॅन्सल.

वांबवाला (सांगली)

सगळ्यांचे आभार. रविवार रद्द. वद्य दशमी बुधवारी येतीय, रजा टाकली. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "समुद्रावर मासे विकत घेतात, धरत नाहीत." पण संध्याकाळी माळ्यावरून जुनी डबी काढून बसले होते.

पहिला होडीवाला फोनवर ठरवला होता. जॅकेटचं विचारलं तर हसला. "कमरेएवढ्या पाण्यात जॅकेट कशाला, साहेब?" बारा वावाच्या गप्पा मारणारा माणूस कमरेएवढं पाणी म्हणतोय म्हटल्यावर फोन ठेवला. दुसरा मिळाला, पोरसवदा आहे, पण त्यानंच आधी विचारलं, वडिलांचं वय किती, वजन किती.

माहुलीकर (सातारा)

उत्तम. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर मोबाईलमध्ये घालून ठेवा. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी खिशात नाही, गळ्यात.

वांबवाला (सांगली)

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खाली जा.

मंगळवारी दुपारी निघालो, मी, अण्णा आणि मेव्हणा. आंबा घाटाच्या तोंडावर चहाला थांबलो. अण्णा टपरीवाल्याला विचारतायत, इथलं पाणी कुठं जातं? तो म्हणाला, या अंगाचं कडवीला, त्या अंगाचं काजळीला. कडवी म्हणजे वारणेला आणि वारणा म्हणजे आमच्या हरिपूरला. काजळी खाली भाट्याला समुद्रात. अण्णा बराच वेळ रस्त्याच्या दोन्ही बाजू बघत उभे होते. मला वाटलं गुडघा धरला. मग म्हणाले, "दोन पावलांचा फरक हाय रं."

बुधवारी पावणेसहाला भाट्याच्या खाडीतून निघालो. फायबरची होडी, मागं इंजिन, तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, पंचविशीतला, बरोबर एक खलाशी. अण्णांना दोघांनी उचलूनच आत घेतलं, तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. खाडीचं तोंड ओलांडलं आणि बाहेर खरंच तेल ओतल्यासारखं पाणी. सरांना दंडवत.

तांडेलाकडं यंत्रबिंत्र काही नाही. रत्नदुर्गाचं दीपगृह आणि मागचा एक टॉवर एका रेषेत आले की थांबला, मग दुसरीकडं बघून थोडा पुढं घेतला. खाली खडप आहे म्हणाला. शिसं सोडलं, बरोबर दहा वावावर ठक्क. अण्णांनी त्या पोराकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

आमिषाला कोळंबी आणि पेडव्याचे तुकडे. मला पहिल्या वीस मिनिटांत दोन राणी मासे, गुलाबी, वीतभर. मेव्हण्याला पिसं लावलेल्या सहा गऱ्यांची माळ दिली होती, त्याला एका उपशात चार बांगडे. अण्णांना काही नाही. म्हणजे टोच यायची, पण हाताशी काही येत नव्हतं. मला कारण कळत होतं पण बोलायची हिंमत नव्हती. वांबीला वेळ द्यावा लागतो. ती आमिष तोंडात धरून दोन हात जाते, गिळते, मग ओढायचं. हे त्यांच्या बोटात मुरलंय. इथं खडपातला मासा घास मारतो आणि थेट बिळात घुसतो. दोन गऱ्या तुटल्यावर तांडेल म्हणाला, "आजोबा, वाट बघू नका. लागला की ओढा." अण्णा काही बोलले नाहीत. त्यांना शिकवलेलं आवडत नाही, त्यातून नातवाएवढ्या पोरानं.

तेवढ्यात माझं पोट ढवळलं. गोळी घेतली होती, भाकरी खाल्ली होती, क्षितिजाकडं बघत होतो, तरी झाली. एकदाच. खलाशी म्हणाला, बरं झालं, मासे जमतील. मेव्हण्यानं याचा व्हिडिओ काढलाय आणि घरच्या ग्रुपवर टाकलाय.

सातनंतर पाणी थांबलं, सगळंच थांबलं. अर्धा-पाऊण तास एकही टोच नाही. ताई म्हणाल्या होत्या ते डोळ्यांनी बघितलं. आठ-सव्वाआठला ओहोटीची ओढ सुरू झाली, तंगूस जरा तिरकी व्हायला लागली आणि अण्णांचा हात एकदम वर गेला. वाट न बघता. पाच-सहा वाव दोरी वर आली, परत दोन वाव गेली, बोटाला काच पडला, तांडेल हातमोजा पुढं करतोय आणि अण्णा त्याला कोपरानं मागं ढकलतायत. तांबोशी. दीड किलोला थोडी कमी. लाल म्हणजे लालच, डाळिंबासारखी.

त्यानंतर अजून एक लहान तांबोशी, दोन शेंगट (काटा कुणाला लागला नाही, गरम पाणी दूध पावडर घालून प्यायलो) आणि एक केंड. केंड फुगल्यावर अण्णा हसले. सोडून दिला.

आमचं अकरापर्यंत ठरलं होतं. पावणेदहालाच तांडेल म्हणाला, चला. मला रागच आला, पैसे पाच तासांचे दिलेत, हा पळवाट काढतोय. पाणी अजून सपाटच होतं. पण खाडीच्या तोंडाशी पोचेस्तोवर वारा फिरला. बाहेर पडणारं ओहोटीचं पाणी आणि आत येणारा वारा समोरासमोर, तोंडावर लाटा उभ्या राहायला लागल्या. अण्णांनी एका हातानं होडीची कड धरली आणि दुसऱ्या हातानं माझ्या जॅकेटचा पट्टा. आत आल्यावर मी त्या पोराला काही बोललो नाही. अर्ध्या तासाचे पैसे तोच परत द्यायला लागला, घेतले नाहीत.

हिशेब : तिघं, साधारण पाच तास, चार हजार. आमिष, दोऱ्या, शिसं त्यांचं, मासे आमचे. बर्फ आणि थर्माकोलची पेटी आम्ही विकत घेतली.

तांडेल जाताना एक बोलला ते पण लिहितो. पूर्वी वडिलांबरोबर इथंच तासाभरात टोपली भरायची. आता रात्री बाहेर दिवे लावून उपसणाऱ्या मोठ्या बोटी येतात, बंदी असूनही. म्हणून तो पाहुणे नेतो. अण्णा म्हणाले, "आमच्या नदीचं पण तसंच." मग दोघं बराच वेळ जाळ्याच्या ढिगावर बसून बोलत होते. मी गाडीत झोपलो.

कोरडवाहू (जत)

दूध पावडरचा चहा वाचून बरं वाटलं. पिंट्या, ऐकलंस का?

औषधवाला (तासगाव)

पाणी काट्यासाठी न्यायला सांगितलं होतं हो.

मालवणची_मिरजेत

तांबोशी मिळाली म्हणजे अण्णांच्या हाताला यश आहे. आता खरं सांगा, बांगड्याला तिरफळ आणि कोकम घातलंत ना?

वांबवाला (सांगली)

ताई, घरात कांदा-लसूण मसाला होता. आईनं तोच घातला.

मालवणची_मिरजेत

चौदा वर्षं हेच ऐकतेय. पत्ता कळवा, तिरफळं पाठवते.

भूगोलवाले_सर (कराड)

अण्णा आता काय म्हणतात?

वांबवाला (सांगली)

काही म्हणत नाहीत सर. तांडेलाकडनं ती हातडोरी मागून आणलीय, गोड्या पाण्यात धुऊन दोन दिवस सावलीत वाळवली आणि जुन्या डबीत ठेवलीय. आज सकाळी कालनिर्णय खिळ्यावरनं काढून मांडीवर घेऊन बसले होते. मी विचारलं काय बघताय, तर म्हणाले, पुढची दशमी कधी हाय ते.

ती जूनमध्ये येतीय. बंदीचं अजून सांगितलेलं नाही.